टिपेतून खर्जात

आमच्या चाळीतल्या बायकांच्या भजनात पुढं बसायचा मान टिपेच्या बायकांचा. टीप म्हणजे वरचा सूर. जिचा गळा वर चढतो ती पुढं, पेटीजवळ. जिचा चढत नाही ती मागं, भिंतीला टेकून. हा नियम कुणी केला माहीत नाही. आम्ही अंबरनाथला राहायला आलो तेव्हा तो होताच. नारळ फुटला की पहिला तुकडा पुढच्या रांगेला. हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा त्याच क्रमानं निघायचं. मागच्या बाईकडं बोलावणं जायचं ते शेवटी, सगळ्या उठायला लागल्यावर.

माझी बायको पुढच्या रांगेत होती. मग ती मागं गेली. ती हकीकत मी लिहितोय. ती आता नाही. या पावसाळ्याच्या आधी गेली. येणारे जाणारे सांगतात, रडून घ्या. मी रडलो नाही. येत नाही, त्याला काय करणार? जेवतो, झोपतो, औषधाची गोळी घेतो. मुलगा म्हणाला, आईचं काहीतरी लिहून काढा, बरं वाटेल. बरं वाटत नाहीये, पण हातात घेतलंय तर पुरं करतो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी कारखान्यात हेल्पर होतो. शेजारी कॅम्प होता, लष्कराच्या जुन्या बराकी, त्यात सिंधमधून आलेली माणसं भरलेली. त्याला नुकतंच उल्हासनगर म्हणायला लागले होते, पण आम्ही कॅम्पच म्हणायचो. आमची ही तिथं एका सिंधी बाईकडं पापडाच्या कामाला जायची. हिच्याकडं काम मिरी कुटायचं. त्यांच्या पापडाला मिरी फार लागते. उखळात घालून कुटायची, मग चाळायची. घरी आली की लुगड्याला मिरीचा वास. पोरगं तिच्या मांडीवर बसलं की शिंकायचं.

काम करताना ही गायची. अभंग, ओव्या, काय येईल ते. बराकीत भिंती नव्हत्या, गोणपाटाचे पडदे होते. पलीकडं एक म्हातारा पेट्या दुरुस्त करायचा. पूर्वी तिकडं सिंधमध्ये कुठल्याशा शाळेत पोरांकडून प्रार्थना बसवून घ्यायचा, एका वेळी तीन रांगांत तीन उंचीचे सूर. इथं आल्यावर शाळा गेली, पोरं गेली, पेटीचा भाता तेवढा राहिला. त्यानं पडद्याआडून हिला ऐकलं आणि विचारलं, "अदी, तुमचा कोण मंडळ आहे काय?" अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. हिनं सांगितलं, आहे, पण पेटी वाजवणारं कुणी नाही. असा मास्तर आमच्याकडं आला. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून.

मंडळ चालवायची मावशी. कोकणातली विधवा बाई, भावाकडं राहायची. तोंडानं फटकळ आणि मनानंही फटकळच. मास्तर दारात उभा आणि ती म्हणाली, "बायकांच्या भजनात बाप्या नको हो."

कुणीतरी म्हणालं, "मावशी, मृदंगावर हा बसतोच की." म्हणजे मी.

"तो कसला बाप्या? तो हिचा नवरा."

सगळ्या हसल्या. मास्तरपण हसला. त्याला किती कळलं कोण जाणे. मावशीनं मग त्याला चटई टाकायला सांगितली.

आमच्या बायका एकाच सुरात म्हणायच्या. कर्णा नव्हता. मागच्या माणसाला ऐकू जायचं तर उंच म्हणायचं, एवढंच ठाऊक. मास्तरनं पहिल्या दिवशी कुणालाच गायला लावलं नाही. एकेकीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आज खाने में काय केला?"

एक म्हणाली, "आमटी-भात."

"रोज जैसा बोलती वैसा बोलो."

"रोज अशीच बोलते मी. आमटी-भात!"

दुसरी म्हणाली, "तुमचं डोकं शिजवलंय." त्यालाही तो "हां, सही" म्हणाला. तो फक्त आवाज ऐकत होता. पेटीवर एक बोट ठेवून बाईचं साधं बोलणं कुठल्या पट्टीवर पडतं ते बघायचा. मग म्हणायचा, "ये तेरा घर. ऊपर जाना तो मेहमान होके जाना. रहने का नहीं."

त्यानं तीन रांगा केल्या. टिपेच्या पुढं, मधल्या मध्ये, खर्जाच्या मागं. म्हणजे पुढं-मागं बसायची रीत त्यानं मोडली नाही, नकळत अजून घट्ट केली. त्याला मानाचं काही माहीत नव्हतं. त्याच्या शाळेत पोरं कुठंही बसत असतील. आमची ही टिपेत पहिली, पेटीला लागून. खर्जात एक कोपऱ्यातल्या खोलीतली नवी सून होती, लग्न होऊन नुकतीच आलेली, आवाज बाप्यासारखा जाड. तिची सासू सगळ्यांना सांगायची, "आमची मागं बसते हो, काय करणार?" जशी पोरगी पांगळी आहे.

भजन मात्र चांगलं व्हायला लागलं. एक सूर वर जायचा, एक खाली राहायचा, मधला दोघांना धरून. मी मृदंग वाजवता वाजवता थांबायचो. मावशी ओरडायची, "ए, हात चालव!"

मावशीच्या डोक्यात बदलापूर होतं. चैत्रात बदलापूर गावात मारुतीच्या देवळापुढं भजनाचा सामना व्हायचा. जिंकेल त्या मंडळाला मानाचा नारळ. आदल्या वर्षी तो बदलापूरच्याच बायकांनी ठेवून घेतला होता. मावशी म्हणायची, त्यांची टीप उंच म्हणून. मग हिला ती रोज वर वर चढवायची. पट्टी काळी पाच, पेटीवरची पार उंच. ही चढायची. तिला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

थंडी संपता संपता हिचा आवाज सकाळी बसायला लागला. उठल्यावर बोलायची नाही, हातानं खुणा करायची. चहा झाला का, खूण. पोराला उठवा, खूण. दुपारपर्यंत घोगरा, संध्याकाळी भजनाला बसली की ढकलून ढकलून लावायची. तिनं ते मावशीला सांगितलं. मावशीचं औषध ठरलेलं. जिभेखाली मिऱ्याचे दोन दाणे धरायचे, गळा उघडतो. आमच्यातल्या सगळ्या बायका हेच करायच्या. हीसुद्धा धरायला लागली. दिवसभर मिरी नाकात, संध्याकाळी मिरी तोंडात. मीपण बघत होतो आणि मलाही त्यात वावगं काही दिसलं नाही. मिरी औषधी असते, एवढंच आम्हाला माहीत.

एकदा वरच्या ओळीला हिचा सूर फुटला. मास्तरनं पेटी बंद केली.

"अदी, मुंह में क्या है?"

"मिरी."

"दिन को नाक में मिरी, शाम को मुंह में मिरी. गला है के पापड़?"

सगळ्या हसल्या. ही हसली नाही. मिरी थुंकून आली आणि परत जागेवर बसली, पाठ ताठ करून.

भजन संपल्यावर मास्तर सायकल धरून माझ्याबरोबर चाळीच्या टोकापर्यंत आला. "अदा, सुबह में कैसा बोलती?" अदा म्हणजे भाऊ.

मी म्हटलं, "बोलतच नाही."

तो थांबला. मग म्हणाला, तिला टिपेतून काढा. पण एकदम खर्जात टाकू नका. आधी मधल्या रांगेत बसवा, अर्ध्याच ओळी म्हणू द्या. कुटायचं काम असेल त्या दिवशी नुसते टाळ. सकाळी बोलायला लागली की मग हळूहळू खाली. चढलेला गळा एकदम उतरवला तरी दुखावतो, असं तो म्हणाला. आणि तसंच करत राहिलात तर गाणं सोडा, बोलणंपण जाईल. हे त्यानं मोडक्या हिंदी-मराठीत सांगितलं, पण मला नीट कळलं.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बदलापूर होऊं दे. मग हवं तर तिला माळ्यावर ठेव."

घरी हिला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मला मागं बसवणार?"

"मागं म्हणजे काय, त्याच खोलीत ना?"

"तुम्हाला नाही कळायचं. मृदंग कुठंही ठेवला तरी मृदंगच. बाई मागं बसली की मागची होते."

"अगं, आवाज गेला तर?"

"माझा आहे, जाऊ दे." हे म्हणतानाच तिचा आवाज चिरकला. तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि माझ्याकडं बघितलं नाही. मला भांडता येत नाही. अजूनही येत नाही.

मावशी मात्र मनातून घाबरली होती. ही ऐन वेळी फुटली तर? म्हणून तिनं काय केलं, त्या कोपऱ्यातल्या सुनेला खर्जातून उचललं आणि थेट टिपेत आणून बसवलं, हिच्या शेजारी. मास्तर म्हणाला, "बीच में बिठाव, बीच में!" मावशी म्हणाली, "पोर तरणी आहे, चढेल." सासूनं त्या दिवशी चाळीत गूळ वाटला. आमच्याकडंही आला. पोरगी खूश. पहिल्यांदा तिला पुढून नारळ मिळणार होता.

आणि चढली की ती. आठवडाभर चढली. जाड गळ्यातनं कसा काढायची देव जाणे, मान वर, शिरा तट्ट फुगलेल्या. सगळ्या म्हणाल्या, बघा, होतं की.

मग एका सकाळी नळावर गर्दी होती. त्या सुनेची बादली कुणीतरी बाजूला सारली. ती ओरडली, "माझा नंबर आहे!" म्हणजे तिला ओरडायचं होतं. बाहेर आलं ते जुनं धडपं फाडल्यासारखं. बायका हसल्या. कुणी म्हणालं, "कोंबडा झालास काय गो?" तिनं परत तोंड उघडलं, नुसती हवा आली. तिनं गळ्याला हात लावला आणि इकडं तिकडं बघायला लागली.

आमची ही तिच्या मागं उभी होती. हंडा न भरताच घरी आली. मी कामावर जायला निघालो होतो. मी विचारलं, पाणी? तिनं हातानं खूण केली, थांबा. आणि भिंतीपाशी बसली. मी डबा घेतला आणि गेलो.

त्या संध्याकाळी भजनाला ती पुढं बसली नाही. आपले टाळ घेतले, मधल्या रांगेत जाऊन बसली, आणि शेजारची जागा थोपटून त्या सुनेला म्हणाली, "ये इकडं."

मावशी म्हणाली, "हे काय गो? पुढं कोण बसणार, देव?"

"मास्तर, पट्टी उतरवा," ही म्हणाली.

"बदलापूरला नाक कापून घ्यायचंय?"

"गळा कापून घेण्यापेक्षा नाक बरं."

सुनेची सासू दारात उभी होती, तिचं तोंड उतरलं. मास्तरनं लगेच पाचवरची बोटं काळी तीनवर आणली आणि भाता हलवला. मावशीनं टाळ आपटले, पण उठून गेली नाही.

पुढचं काम सावकाश झालं. मिरी तोंडात धरणं बंद. पापडाच्या बाईला सांगून हिनं कुटणं सोडलं, पीठ मळायला लागली. सून पार गप्प बसायची, मास्तर तिला फक्त गुणगुणायला लावायचा, मग खर्जात एकेक ओळ. हिचं अवघड होतं. मधल्या रांगेत बसूनही हिचा कान वर जायचा आणि कानामागं गळा. मास्तरनं तिला छातीवर हात ठेवायला सांगितला. "यहां हिलना चाहिए. माथे में हिला तो गलत." ती तळहात छातीवर ठेवून म्हणायची. घरी भांडी घासतानासुद्धा, ओला हात पदरावर. पदर ओला व्हायचा. मी म्हणायचो, सर्दी होईल. ती म्हणायची, गप्प बसा, हलतंय का बघतेय.

चैत्रात आम्ही बैलगाडीनं बदलापूरला गेलो. कात्रपपाशी बैलांना पाणी पाजलं. तेव्हा तिथं शेतंच होती.

देवळापुढं मांडव, माणसं भरपूर. आधी तिथल्या बायकांचं झालं. त्यांची टीप खरंच उंच. पार रस्त्यापर्यंत जात असेल. लोक माना डोलवत होते. मग आमचं. काळी तीन. तिन्ही रांगा नीट लागल्या होत्या, हे मी मृदंगावरून सांगू शकतो. पण पुढच्या चार ओळी माणसं सोडली तर कुणाला ऐकू येत नव्हतं.

मागून एक जण ओरडला, "अहो, आवाज काढा की! घरात म्हणताय काय?"

दुसरा म्हणाला, "बायांचा उपास असेल रे!"

हशा झाला. मावशीनं मागं वळून हिच्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ सरळ होता, चढ आता. ही चढली असती. एवढ्यापुरती चढलीच असती, मला माहीत होतं, ते तिच्या मानेवरून दिसत होतं. शेजारच्या सुनेनंही श्वास भरून घेतला. तेव्हा हिनं एक हात आपल्या छातीवर ठेवला आणि दुसरा त्या पोरीच्या गुडघ्यावर दाबला. टाळ मांडीवर पडून राहिले. दोघी खालीच राहिल्या. शेवटपर्यंत लोक आपसात बोलत होते. आम्ही पुरं केलं आणि उठलो.

नारळ त्यांना मिळाला. जाताना मावशी म्हणाली, "गेलं नाक. हळद लावा आता." मास्तर सायकलवरून गाडीच्या मागं मागं येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हिच्या ओरडण्यानं जाग आली. दूधवाल्याशी भांडत होती, पाणी घातलंस म्हणून. आवाज स्वच्छ. मी अंथरुणात पडून ऐकत राहिलो. तेवढ्यात नळावरून त्या सुनेचा जाड आवाज आला, कुणाला तरी बादलीवरून झापत होती.

पुढं उन्हाळ्यात ही मधल्या रांगेतून खर्जात गेली आणि तिथंच राहिली. मास्तरला कॅम्प नंबर एकात दुकानाचा गाळा मिळाला, तो तिकडं गेला. मावशीनं रांगांचा मान काही बदलला नाही. नारळाचा पहिला तुकडा पुढंच जायचा. हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्याकडं शेवटी यायचं आणि ते हिला दर वेळी लागायचं. सोसून सोसून सवय झाली, असं लोक सांगतात. तसं काही झालं नाही. परत आली की पाय धुता धुता म्हणायची, "आम्ही मागच्या." सगळं आयुष्य म्हणायची. मी कधी म्हटलं, अगं पण आवाज राहिला ना, तर म्हणायची, "राहिला, म्हणून तर बोलते."

आणखी एक गोष्ट. टिपेत होती तेव्हा मला तिचा आवाज वेगळा ऐकू यायचा. खर्जात गेल्यावर आला नाही. खालचा सूर सगळ्यांचा मिळून एक होतो. मी मृदंगावर बसून पुष्कळदा शोधला. ती तिथं आहे, तोंड हलतंय, हे दिसायचं. ऐकू काही आलं नाही. मी तिला हे सांगितलं नव्हतं.

बोलणं मात्र शेवटपर्यंत खणखणीत. या खेपेला दवाखान्यात ठेवली तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं, हात उचलत नव्हता. पण बोलायला लागली की खोलीतली दुसरी माणसं वळून बघायची. त्या दिवशी दुपारी तिनं मुलाला झापलं, "बाबा जेवले नाहीत अजून, तुला दिसत नाही? घरी ने त्यांना." जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

मुलगा मला म्हणाला, "आईचा आवाज बघा. हिला काही होत नाही. चला, तुम्ही जेवून घ्या."

मलाही तसंच वाटलं. एवढा आवाज ज्या माणसाचा, ते कुठं जातंय. मी घरी आलो. आमच्या सुनेनं, मुलाच्या बायकोनं, ताट वाढलं. मी वरण-भात कालवला आणि खायला लागलो. तेवढ्यात फोन आला. सुनेनं घेतला, ऐकला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी हातातला घास खाल्ला, मग उठून हात धुतला.